तपासणीच्या चिठ्ठीनंतर : शाळकरी मुले आणि आरोग्यशिक्षिका

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत सामाजिक आरोग्य विभागाच्या प्रमुखांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. सभेस उपस्थित असलेल्या अनेकांच्या आग्रहावरून तो या अहवालात समाविष्ट करीत आहोत.)



दरवर्षी या सभेत रुग्णालयाच्या कामाचा आढावा घेतला जातो. बाह्यरुग्ण विभागात किती रुग्ण आले, शस्त्रक्रिया किती झाल्या, गरीब रुग्णांना किती सवलत देण्यात आली, हे आपण ऐकतो आणि आपल्याला समाधान वाटते. आमच्या विभागाच्या वाट्याला या आढाव्यात बहुधा एकच वाक्य येते : 'वर्षभरात अमुक शाळांतील अमुक इतक्या विद्यार्थ्यांची आरोग्यतपासणी करण्यात आली.' या वाक्यालाही टाळ्या मिळतात. आज मला त्या वाक्याविषयीच बोलायचे आहे. ते खोटे नाही, पण ते अपुरे आहे. आणि त्या अपुरेपणाचा भोग एका मुलीच्या वाट्याला आलेला मी जवळून पाहिला आहे.

शाळेत जाऊन मुलांना तपासावे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९०६ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १९०९ मध्ये, बडोदे शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ तेथून मानला जातो. स्वातंत्र्यानंतर १९६० मध्ये केंद्र सरकारने या प्रश्नासाठी स्वतंत्र समिती नेमली. अलीकडे, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. या कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा जातात. जन्मजात व्यंगे, पोषणातील कमतरता, आजार आणि वाढीतील विलंब अशा चार अंगांनी, जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंतच्या मुलांची तपासणी करतात.

म्हणजे तपासणीची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि आज तपासणीची व्यवस्थाही आहे. मग आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयाने शाळेत जाऊन करायचे तरी काय? या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही पुस्तकात सापडले नाही. ते एका चिठ्ठीने शिकवले.

एका चिठ्ठीची गोष्ट

या विभागाची जबाबदारी माझ्याकडे आली, त्या सुरुवातीच्या वर्षांतील ही घटना. तालुक्याच्या टोकाच्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत आपले शिबिर झाले. व्हरांड्यात टेबल मांडले, फलक लावला, सरपंचांच्या हस्ते नारळ वाढवला. दुपारपर्यंत सर्व मुले तपासून झाली आणि छायाचित्रही काढले गेले. चौथीतील एका मुलीच्या छातीला स्टेथोस्कोप लावताना आपल्या डॉक्टरांना हृदयाच्या ठोक्यांत वेगळा आवाज आला. त्यांनी चिठ्ठीवर तसे लिहिले आणि हृदयतज्ज्ञांकडे नेण्याचा सल्ला दिला. चिठ्ठी इंग्रजीत होती. मुलीने ती घडी करून कंपासपेटीत ठेवली. आम्ही जीपमध्ये बसून परत आलो.

दिवाळी झाली. गावातील निम्मी घरे ऊसतोडीसाठी कारखान्यांवर गेली, त्यात तिचेही घर होते.

दोन वर्षांनी ती मुलगी आपल्या बाह्यरुग्ण विभागात आली. चार पावले चालली तरी तिला धाप लागत होती, पायांवर सूज होती. तपासाअंती कळले की हृदयाची एक झडप आकसली आहे. आईने सांगितले, 'मधूनमधून ताप यायचा, कधी गुडघा धरायचा, कधी घोटा. आम्हाला वाटलं, फडात काम करून अंग दुखत असेल.' आधी कोणी तपासले होते का, असे विचारल्यावर ती नाही म्हणाली. मला शंका आली म्हणून जुनी नोंदवही काढली. त्या मुलीचे नाव, इयत्ता, डॉक्टरांचा शेरा, सारे काही आमच्याच हस्ताक्षरात तेथे होते.

हा संधिवाताचा ताप लहान मुलांत, विशेषतः पाच ते पंधरा या वयात येतो. घशाला एका विशिष्ट जिवाणूची लागण होते, घसा दुखून बरा होतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात. सांधे पुन्हा पूर्ववत होतात, परंतु हृदयाच्या झडपेवर झालेली इजा राहते, आणि ताप उलटला की ती प्रत्येक वेळी वाढते. हा ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन ते चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे एक इंजेक्शन पुरते. इंजेक्शन साधे आहे, जुने आहे, स्वस्त आहे. मात्र ते वर्षानुवर्षे न चुकता घ्यावे लागते. त्या मुलीला ते दोन वर्षे आधी सुरू करता आले असते.

पुढे शहरातील मोठ्या रुग्णालयात फुग्याच्या साहाय्याने तिची झडप रुंद करण्यात आली. त्या खर्चात आपल्यापैकी काही देणगीदारांचा वाटा होता, त्यांचे आभार मी त्या वेळीही मानले होते. मुलगी वाचली. पण त्या वर्षीच्या अहवालात मी तिच्या शाळेची संख्या 'तपासणी पूर्ण' या सदराखाली लिहिली होती, हे मला विसरता आलेले नाही.

चूक डॉक्टरांची नव्हती. त्यांनी रोग ओळखला होता. शिक्षकांची नव्हती, त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते. आईवडिलांना तर चिठ्ठी मिळालीच नव्हती. रोग ओळखणारा डॉक्टर आणि रोगी मूल यांच्यामध्ये जी वाट होती, ती चालणारे कोणीच नव्हते. आमची चूक ती होती.

आरोग्यशिक्षिका कोण?

ही वाट चालण्यासाठी आपण आरोग्यशिक्षिका नेमल्या. या सर्वजणी याच परिसरातील आहेत. कोणी दहावी झालेली, कोणी बारावी. एखादी बालवाडी चालवणारी. त्यांना आपल्या रुग्णालयात प्रशिक्षण दिले जाते आणि त्यानंतर दर महिन्याला एक दिवस पुन्हा शिकण्यासाठी बोलावले जाते. शाळेतील मुले त्यांना 'दवाखान्याच्या ताई' म्हणतात.

गावातील सामान्य स्त्री आरोग्याचे काम करू शकते, हे सिद्ध करण्याची आता आवश्यकता राहिलेली नाही. आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले, आणि ज्या स्त्रियांना अक्षरओळखही नव्हती अशा कितीतरी जणींना त्यांनी गावाच्या आरोग्यसेविका बनवले. या दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेल्या आशा कार्यकर्तीही गावोगावी आहेत. आपल्या आरोग्यशिक्षिका त्यांची जागा घेत नाहीत. आशाताईंवर गरोदर माता, बाळंतपणे, लसीकरण यांचा भार आहे. शाळेच्या फाटकाच्या आत नियमाने जाणारी आणि तेथून मुलाच्या घरापर्यंत पोहोचणारी व्यक्ती हवी होती, ती उणीव या भगिनी भरून काढतात.

तपासणीच्या आधी

आरोग्यशिक्षिकेचे काम शिबिराच्या दिवशी सुरू होत नाही, त्याच्या पुष्कळ आधी सुरू होते. जंतनाशक गोळीचे उदाहरण घेऊ. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळाशाळांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. गोळी सुरक्षित आहे. तथापि पोटात जंत पुष्कळ असतील, तर गोळी घेतल्यावर काही मुलांना थोडा वेळ मळमळते, पोटात दुखते. एका गावी असेच झाले. एका मुलाला उलटी झाली, बातमी गावभर पसरली, आणि तासाभरात पालक मुलांना दुचाकीवर घालून दवाखान्यात आणू लागले. एकाही मुलाला काही झाले नव्हते. पण पुढील वेळी त्या गावातील अनेक मुलांनी गोळी तोंडात धरली आणि बाहेर जाऊन थुंकली. घरून तसे सांगून पाठवले होते.

त्यानंतर आमच्या आरोग्यशिक्षिकेने आधीच्या आठवड्यात पालकसभा मागून घेतली. तिने भाषण केले नाही. जंत कोठून येतात, असे बायकांनाच विचारले. गोड खाल्ल्याने, असे बहुतेकींनी सांगितले. मग तिने न धुतलेले हात, उघड्यावरचे शौच आणि अनवाणी पाय यांचा संबंध समजावला. अंकुशकृमी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त शोषतो, हे ऐकल्यावर एक आजी म्हणाल्या, 'म्हणजे चप्पल हेसुद्धा औषधच की!' गोळीनंतर थोडे मळमळले तर घाबरू नये, मुलाला सावलीत बसवावे, पाणी द्यावे, हेही तिने सांगितले. या वेळी मळमळ झालेली मुले होतीच, पण दवाखान्याकडे कोणी धावले नाही.

लोहाच्या गोळीचेही असेच आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील १०० मुलींपैकी ५९ मुलींना रक्तक्षय आहे. त्यासाठी दहा वर्षांवरील मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी शाळेत दिली जाते. पण ती उपाशीपोटी घेतली तर ओकारी येते. शौचाचा रंग काळा होतो आणि घरचे घाबरतात. आणि तिच्यावर लगेच चहा घेतला तर लोह अंगी लागत नाही. या तीन साध्या गोष्टी कोणी न सांगितल्यामुळे गोळ्या खिडकीतून बाहेर फेकल्या जातात. शालेय पोषण आहारानंतर गोळी, ताटात लिंबाची फोड आणि तासभर चहा नाही, एवढे नियम मुली स्वतःच एकमेकींना सांगू लागल्या की आरोग्यशिक्षिकेचे निम्मे काम होते.

शिक्षकांचे डोळे

वर्षातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांपेक्षा रोज पाच-सहा तास मुलांसमोर असणारे शिक्षक अधिक पाहतात. काय पाहायचे, हे त्यांच्याबरोबर बसून ठरवणे हे आरोग्यशिक्षिकेचे दुसरे काम. शासनानेही हे ओळखले आहे. १२ फेब्रुवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षित करण्याची योजना आहे. परंतु शिक्षकांवर आधीच कामांचा बोजा आहे. त्यांच्या पाठीशी कोणी उभे असेल तरच ही योजना कागदाबाहेर येते.

दृष्टिदोषाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. ज्या मुलाला जन्मापासून लांबचे अंधुक दिसते, त्याला सगळ्यांनाच तसे दिसत असावे असे वाटते. ते तक्रार करीत नाही. फळ्यावरचे चुकीचे उतरवून घेते, शेजाऱ्याच्या वहीत डोकावते, मार खाते आणि 'ढ' ठरते. आमच्या एका शिक्षिकेने, म्हणजे शाळेच्या बाईंनी, एका मुलाविषयी सांगितले की तो फळ्यावरील ८ आणि ३ यांत नेहमी गोंधळ करतो, मात्र तोंडी हिशेब बिनचूक सांगतो. आरोग्यशिक्षिकेने त्याला सहा मीटरवरून तक्ता वाचायला लावला; वरच्या दोन ओळींपुढे त्याला जाता येईना. चष्मा मिळाल्यावर तो वर्गात आला आणि खिडकीबाहेरच्या चिंचेकडे बराच वेळ पाहत राहिला. झाडाची पाने सुटी सुटी दिसतात, हे त्याला त्या दिवशी प्रथम कळले होते.

पण चष्मा देऊन प्रश्न सुटत नाही. मुले चिडवतात, काडी मोडते, आणि मुलीला चष्मा लागला तर पुढे लग्नाला अडचण येईल, या भीतीने तो घरीच पेटीत ठेवला जातो. म्हणून चष्मा दिल्यावर महिन्याने आणि मग दर सत्रात आरोग्यशिक्षिका वर्गात डोकावून पाहते : चष्मा डोळ्यांवर आहे का? नसेल तर ती रागावत नाही, घरी जाते. तिरळेपणाबाबत तर वेळेला फार महत्त्व आहे. एक डोळा तिरळा किंवा अधू असेल, तर मेंदू हळूहळू त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागतो आणि तो डोळा आळशी होतो. सहा-सात वर्षांच्या आत उपचार झाल्यास दृष्टी वाचण्याची आशा पुष्कळ असते, नंतर ती झपाट्याने कमी होते. 'तिरळेपणा भाग्याचा असतो' असे म्हणून थांबलेल्या घरी ही गोष्ट समजावून सांगायला गावातीलच कोणी असावे लागते.

फेफऱ्याविषयीही सांगितले पाहिजे. वर्गात मुलाला झटका आला की कोणी चप्पल हुंगवते, कोणी कांदा, कोणी दातांत चमचा घालते. आता आमच्या शाळांतील शिक्षकांना ठाऊक आहे की मुलाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या वस्तू दूर कराव्यात, तोंडात काहीही घालू नये, वेळ पाहावी आणि झटका पाच मिनिटांहून अधिक चालला तर तत्काळ दवाखान्यात न्यावे. झटका ओसरल्यावर त्या मुलाला पुन्हा त्याच बाकावर बसू देणे, हादेखील उपचाराचाच भाग आहे, हे आम्ही वर्गातील मुलांनाही सांगतो.

भरलेल्या बाटल्या

काही गोष्टी ना डॉक्टरांना दिसतात, ना शिक्षकांना. आमच्या एका आरोग्यशिक्षिकेच्या लक्षात आले की शाळा सुटताना मुलींच्या पाण्याच्या बाटल्या सकाळइतक्याच भरलेल्या असतात. मुली दिवसभर पाणी पीत नव्हत्या, कारण शौचालयात पाणी नव्हते आणि दाराला कडी नव्हती. लघवीला जळजळ होते म्हणून याच मुली आपल्या बाह्यरुग्ण विभागात येत होत्या आणि आपण त्यांना औषध देऊन परत पाठवत होतो. मासिक पाळी सुरू झालेल्या मुली तर महिन्यातले चार दिवस शाळेतच येत नव्हत्या.

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आरोग्यशिक्षिकेने त्या समितीतील तीन मातांना शाळेत नेऊन ते शौचालय दाखवले. तिने अर्ज लिहिला नाही. अर्ज त्या मातांनी लिहिला. ग्रामपंचायतीने नळजोड दिला. कडी एका पालकाने स्वतः बसवली. हात धुण्याचा साबण रोज नाहीसा होतो, या तक्रारीवर मुलांनीच तोड काढली : साबण जाळीच्या पिशवीत घालून पिशवी नळाला बांधली. आरोग्यशिक्षणाचे याहून चांगले उदाहरण मला देता येणार नाही. त्यात व्याख्यान नव्हते आणि भित्तिपत्रकही नव्हते.

शाळेभोवतीच्या टपऱ्यांचेही असेच. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. परंतु घरी आजी मिसरी लावते आणि नातीला ती आणायला दुकानात पाठवते. तेथे कायदा पोहोचत नाही, घरात जाऊन-येऊन असलेली ताईच पोहोचते.

चिठ्ठी मिटेपर्यंत

आता मूळ मुद्द्याकडे येते. आज आपल्या शिबिरातील चिठ्ठी मराठीत असते. ती मुलाच्या हाती दिली जात नाही. आरोग्यशिक्षिका ती घरी नेऊन आईवडिलांना वाचून दाखवते. बहुतेक घरी पहिला प्रश्न येतो तो 'खर्च किती येईल?' हा, आणि दुसरा 'रोज कसा बुडवायचा?' हा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, शासकीय योजनांत आणि आपल्या गरीब रुग्ण निधीत मिळते. फक्त कोणती कागदपत्रे लागतात, कोणत्या खिडकीवर जायचे, हे सांगणारे कोणी हवे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक अवघड आहे. त्यासाठी कधी आरोग्यशिक्षिका स्वतःच मुलाला व त्याच्या आजीला घेऊन सकाळच्या एस.टी.ने येते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी आपण वेळापत्रकच बदलले. त्यांच्या गावांतील तपासणी आता शाळा उघडताच, जून-जुलैत होते, म्हणजे दिवाळीपूर्वी उपचाराला चार महिने मिळतात. ज्यांचे उपचार चालू आहेत, त्यांच्याबरोबर औषधांची नोंद असलेले कार्ड जाते, आणि मुकादमाच्या दूरध्वनीवरून आरोग्यशिक्षिका त्यांची विचारपूस करते. सगळ्यांचा पत्ता लागतो असे नाही. काही मुले हातची निसटतात.

काही पथ्येही आम्ही शिकलो. आरोग्यशिक्षिकेने औषध द्यायचे नाही, निदान करायचे नाही. शंका आली तर पाठवायचे. कोणाचा आजार वर्गात बोलायचा नाही. 'ज्यांना खरूज आहे त्यांनी उभे राहा' असे एका शिबिरात म्हटले गेले होते आणि दुसऱ्या दिवसापासून दोन मुली शाळेत आल्या नाहीत. खरजेला घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे लागते. म्हणून ते बोलणे घरीच झाले पाहिजे, वर्गात नव्हे. आणि एखाद्या मुलाच्या अंगावरील वळ किंवा त्याचे गप्प राहणे निराळे काही सांगत असेल, तर ते मनात न ठेवता त्याच दिवशी मला कळवायचे. पुढचा मार्ग २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने आणि १०९८ या बालसाहाय्य क्रमांकाने आखून दिलेला आहे.

आपल्याकडे मागणे

विश्वस्तांच्या संमतीने या वर्षापासून आमच्या तक्त्यात एक नवा स्तंभ घातला आहे. 'तपासलेली मुले' आणि 'चिठ्ठी दिलेली मुले' यांच्यापुढे आता 'उपचार पूर्ण झालेली मुले' असा स्तंभ आहे. पहिल्या स्तंभातील आकडा मोठा दिसतो, शेवटचा त्यामानाने लहान. तो लहान आहे म्हणून लपवू नये, अशी माझी विनंती मंडळाने मान्य केली, याबद्दल मी ऋणी आहे. यापुढे आमच्या विभागाची परीक्षा आपण त्या शेवटच्या स्तंभावरून घ्यावी.

देणगीदारांना एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. सोनोग्राफीचे यंत्र घेतले की त्यावर दात्याचे नाव लागते, खोली बांधली की दारावर पाटी लागते, आणि ते योग्यच आहे. आरोग्यशिक्षिकेच्या मानधनावर पाटी लावता येत नाही. तिचा एस.टी.चा पास, तिच्या चपला, पावसाळ्यातील छत्री यांचे छायाचित्र अहवालात शोभून दिसत नाही. म्हणून या कामासाठी निधी मागताना नेहमी संकोच होतो, आणि वर्ष संपताना सर्वांत आधी कात्री लागते ती यालाच. एक आरोग्यशिक्षिका निघून गेली की पाच-सहा गावांची ओळख तिच्याबरोबर निघून जाते. नव्या बाईला दारे पुन्हा ठोठवावी लागतात. एका शिबिरासाठी दिलेली देणगी एका दिवसात खर्ची पडते. तीच देणगी तीन वर्षांसाठी वाटून दिलीत, तर त्या शिबिरातून निघालेल्या चिठ्ठ्या मिटवता येतील.

आणि रुग्णांचे नातेवाईक म्हणून येथे आलेल्या मातापित्यांना एवढेच सांगेन : आज घरी गेल्यावर मुलांची दप्तरे एकदा उघडून पाहा. कंपासपेटीत, पुस्तकाच्या कव्हरात एखादी घडी घातलेली चिठ्ठी असेल. ती वाचता आली नाही तर घेऊन या. वाचून दाखवणे आणि पुढची वाट आपल्याबरोबर चालणे, हे आमचे काम आहे.

ज्या मुलीविषयी मी बोलले, ती आता नववीत आहे. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शनसाठी तिला आमची आरोग्यशिक्षिका घेऊन येते. आता खरे तर तिला सोबतीची गरज नाही. तारीख तीच ताईंना आठवण करून देते. मागच्या महिन्यात येताना तिने आपल्या वर्गातील एका मुलाला बरोबर आणले होते. त्याचा घसा दुखून गेला होता आणि आता गुडघा सुजला होता. 'मला असंच झालं होतं,' असे तिने डॉक्टरांना सांगितले. त्या मुलाचे उपचार वेळेत सुरू झाले आहेत.